मेणबत्तीचा वास

अकोल्याच्या बसस्टँडमागे तो स्कूटरची तुटकी मडगार्डं जोडत बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काम हाती घेण्याआधी तो प्लास्टिकचा नखाएवढा कपचा कापून पेटवायचा, फुंकून विझवायचा आणि डोळे मिटून धूर हुंगायचा.

माझ्या स्कूटरच्या तडकलेल्या मडगार्डचाही त्यानं असाच वास घेतला. "मेणबत्तीवानी वास येऊन राहिला, भाऊ. चोख माल हाय. जोडून देतो."

मला घाई होती. म्हटलं, "राहू द्या, नवीनच बसवतो."

"बसवा. पण हे जुनं मले आणून देजा. वितळून याचं पुन्हा मडगार्ड होते. फक्त जाळू नोका."

नवीन बसलं आणि जुनं घरी जिन्याखाली पडून राहिलं. रोज मी तिथून जाताना तो मान वर करायचा आणि मी हातानंच 'उद्या आणतो' म्हणायचो.

होळीला जिन्याखालची अडगळ काढली आणि सगळ्यांसारखी मीही ती कॉलनीच्या होळीत टाकली. मडगार्ड थेंबाथेंबानं गळायला लागलं, तेव्हा वास आला. मेणबत्तीचाच.

धुळवडीनंतर तिकडून गेलो. त्यानं सवयीनं मान वर केली. माझा हात काही उचलला गेला नाही.