पेडलची गाडी आणि आईची लाइन

रिक्षातून उतरताना माझा पाय मुडपला आणि अंधेरीत ऑफिसच्या दारातच मी खाली बसले. घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून दोनदा बजावलं. नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा, संध्याकाळी सातला यायचा. मधल्या वेळात मुलुंडच्या आमच्या घरात मी आणि माझी आई, दोघीच. आई त्र्याहत्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते.

आमचं दोघींचं वाकडं नव्हतं, पण बोलण्यासारखंही फारसं काही नसायचं. गोळी घेतलीस का, पंखा कमी करू का, भाजी कुठली करू. एवढं झालं की ती टीव्हीकडे वळायची आणि मी फोनकडे.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणी भेटायला आल्या आणि जाताना एक मोठा खोका ठेवून गेल्या. लहान मुलांच्या जोडायच्या प्लास्टिकच्या विटा असतात, त्यातलाच हा मोठ्यांसाठीचा प्रकार होता. खोक्यावर लाल स्पोर्ट्स कारचं चित्र होतं. गाडी जोडून झाली की हातभर लांब होणार होती. तिला मोटर नव्हती. सीटपुढे दोन बारकी पेडल होती. ती बोटाने फिरवली की साखळी फिरणार, साखळीने मधला दांडा आणि दांड्याने मागची चाकं. तूर्तास मात्र आत चौदा पिशव्या होत्या आणि चित्रांचं जाडजूड पुस्तक.

"ह्या काय गो, ह्या वयात?" आईने विचारलं. आई कुडाळकडची. मुंबईत पन्नास वर्षं काढली तरी तिचा 'गो' गेला नाही.

"टाइमपास," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी पाय स्टुलावर टाकून बसायचे. दुसऱ्या टोकाला आई भिजवलेले वाल सोलत बसायची. पहिल्या दिवशी तिने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी तासभर एक करडी खुंटी शोधत होते, तेव्हा ती उठली, स्वयंपाकघरातून दहा-बारा वाट्या आणल्या आणि माझा सगळा ढीग वेगळा करून टाकला. लांब दांडे एकीकडे, आखूड दुसरीकडे, दात्यांची चाकं तिसरीकडे. तिसऱ्या दिवशी साखळी आली. नखाएवढ्या कड्या, एकीत एक अडकवायच्या. माझ्या पाच कड्या झाल्या आणि बोटं दुखायला लागली.

"दे हकडे," ती म्हणाली.

तिने हात पुसले आणि साखळी घेतली. कट, कट, कट. ती कड्यांकडे बघतसुद्धा नव्हती, टीव्हीवरच्या बातम्या बघत होती. बातम्या संपायच्या आत साखळी माझ्यासमोर आली.

पाचव्या दिवशी दुपारी गाडी पूर्ण झाली. दिसायला झकास. मी तिला टेबलावर ठेवलं, पेडल पुढे फिरवलं आणि गाडी मागे गेली. पुन्हा फिरवलं. पुन्हा मागे.

"वाट लागली," मी म्हटलं. "कुठेतरी एक गिअर उलटा बसलाय. जाऊ दे. शोकेसमध्ये ठेवायचीय, कोण पेडल मारतंय?"

"उघड ती," आई म्हणाली.

"आई, मागचा अख्खा भाग खोलावा लागेल. शंभरेक तुकडे असतील."

"असू देत."

"अगं, पण कोण बघणारे?"

ती थोडी चिडलीच. "कोण म्हणजे? आमच्याकडे असा उलटा नग पुढे सरकवला, तर पुढची बाई काय करणार? तिने त्याच्यावर आपलं काम करायचं, तिच्या पुढचीने आपलं, आणि शेवटी तपासणारीच्या हातात तो बंद पडायचा. बोलणी कुणाला? तिला. चूक केली त्या बाईला कुणी विचारायचं नाही."

आई मुलुंडमध्येच विजेची बटणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षं कामाला होती. हे मला माहीत होतं, म्हणजे तिच्या डब्याची वेळ आणि शिफ्टची वेळ माहीत होती. बारा बायका एका लांब टेबलाला बसतात, प्रत्येकी एकच भाग बसवते आणि नग पुढे सरकवते, ह्याला त्या 'लाइन' म्हणतात, आणि आई त्या लाइनवर सातव्या जागेवर बसायची, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तिने गाडी पालथी केली. एका हाताने पेडल हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताचं बोट एकेका भागावर ठेवत गेली. "हयपर्यंत बरोबर. दांडा बरोबर. आता बघ." मागच्या चाकांच्या मधोमध दात्यांचं एक गोल चाक होतं. ते मी दांड्याच्या डाव्या बाजूला बसवलं होतं. पुस्तक काढून बघितलं. चित्रात ते उजवीकडे होतं. ते पान मी तीनदा पाहिलं होतं.

आम्ही दोघी मिळून खोलायला बसलो. तुकडा काढायचा, ओळीने मांडायचा. बोलायला तोंड मोकळं होतं, आणि आईकडे बघावं लागत नव्हतं म्हणून असेल, मी बोलून गेले.

"आई, मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, तू ऑफिसात आहेस म्हणून."

"माहीत होता माका."

माझे हात थांबले. "कसं?"

"तुझ्या सातवीच्या बाईंनी विचारलेलं ना. पालकांच्या मीटिंगला. म्हणाल्या, तुमच्या ऑफिसातून सुट्टी मिळते का लगेच? मी म्हटलं, मिळते."

"मग मला बोलली का नाहीस काही?"

"काय बोलणार?" तिने एक खुंटी नखाने उचकटली. "घरी येताना वाईट वाटलं. मग म्हटलं, पोर आहे. तिच्या मैत्रिणींच्या आया बँकेत, शाळेत. पुढच्या मीटिंगपासून मी कामाचा निळा कोट कारखान्यातच ठेवून यायला लागले. आधी तसाच अंगावर घालून यायचे, घाई असायची म्हणून."

तो निळा कोट मला आठवत होता. शाळेच्या फाटकातून ती तो घालून आत येताना दिसली की मी पाण्याच्या नळाकडे जायचे. तेही सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. मी नुसतं तिच्या मनगटावर हात ठेवला. तिने तो थोडा वेळ राहू दिला, मग म्हणाली, "हात काढ, तुकडा पडतलो."

संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा उभी राहिली. पेडल पुढे, गाडी पुढे. टेबलाच्या कडेशी आईनेच ती अडवली आणि हसली. तिचं हसणं मी खूप दिवसांनी जवळून बघत होते.

"लाइनवरच्या कुणाशी बोलतेस का गं अजून?" मी विचारलं.

"फोन असतो अधूनमधून. भेट कुठे?"

मी तिच्याकडून नंबर घेतले. चौथ्या आठवड्यात तिघी आल्या, दोघी मुलुंडच्याच आणि एक भांडुपहून. सगळ्या सत्तरीच्या आसपास. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, गेलेल्यांची नावं निघाली. मग एकीला शोकेसमधली गाडी दिसली. आईने सगळी गोष्ट सांगितली, माझ्या उलट्या गिअरसकट. तिघी मनापासून हसल्या.

"खोलूया?" भांडुपवाली म्हणाली.

मी काही म्हणायच्या आत गाडी टेबलावर आली आणि तिचे तुकडे झाले. मग कुणी काही न ठरवता चौघी ओळीने बसल्या. पुस्तक आईपुढे. ती पान बघून पहिले भाग बसवायची आणि डावीकडे सरकवायची. दुसरी दांडे, तिसरी गिअर, चौथी खुंट्या दाबून घट्ट करायची. मला पाच दिवस लागलेली गाडी अडीच तासांत तयार होत आली. मध्ये मी मदत म्हणून एक तुकडा पुढे केला.

"थांब गं, मध्ये हात घालू नकोस," भांडुपवालीने मला गप्प केलं. "रिदम मोडतो."

मी कुबड्या घेऊन सोफ्यावर जाऊन बसले. त्या बोलत होत्या, पण कारखान्याबद्दल नाही. सून, नळाचं पाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, कुणाच्या तरी नातीचं लग्न. हात वेगळं काम करत होते आणि तोंडं वेगळं. आईची पाठ मला दिसत होती. इतकी ताठ ती घरात कधी बसत नाही.

प्लास्टर निघून आता आठ महिने झाले. मी ऑफिसला जायला लागले. त्या चौघी महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे जमतात. गाडी किती वेळा खोलली आणि जोडली, ते विचारू नये. आता सोसायटीतल्या एकांनी त्यांच्या घरी न उघडता खोक्यातच पडून असलेली क्रेन दिली आहे, तीही विटांचीच, तुकडे गाडीच्या दुप्पट. गेल्या रविवारी मी हळूच विचारलं, मलाही बसू द्याल का म्हणून. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बस," आई म्हणाली, आणि मला पिशव्या फोडून तुकडे वेगळे करायचं काम दिलं. नवीन बाईला आधी तेच देतात म्हणे.