सरांच्या फोनवरचं पांढरं पान

नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि राहणं गावी, कळसाडीला, असं माझं गेली काही वर्षं चाललं आहे. आई गेल्यावर वडील सुरतेला भावाकडे गेले. घराला कुलूप नको म्हणून मी आलो, तो इथेच राहिलो. मी वेबसाइट बनवतो. दिवसभर माणसांशी बोलणं होतं, पण सगळं टाइप करून. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गल्लीत कुणीच नसतं. संध्याकाळी दुकानात दूध मागताना कधी कधी लक्षात येतं, की आज तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द.

सरांचं काम मी नोकरीबाहेर, हौसेनं घेतलं होतं. सर म्हणजे वडिलांचे जुने स्नेही, कोरीटचे. मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेकाठच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. धरणाचं पाणी चढण्याआधी त्यांनी तिथले पुष्कळ फोटो काढून ठेवले होते. घरं, पायवाटा, होड्या, शाळेसमोर रांगेत उभी असलेली मुलं. ती मुलं आता मोठी होऊन कुठे कुठे पुनर्वसनाच्या वसाहतींत पांगली आहेत. त्यांना हे फोटो फोनवर बघता यावेत, एवढीच सरांची इच्छा होती. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली. एक फोटो जाऊन दुसरा एकदम समोर आदळायला नको. पहिला हळूहळू विरावा आणि त्यातूनच दुसरा वर यावा.

मी तसं केलं. माझ्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसायचं. सरांना लिंक पाठवली, तर त्यांचा फोन आला. पहिला फोटो दिसतो, त्यावर बोट ठेवलं की तो जातो आणि मागे नुसतं पांढरं पान उरतं.

मला वाटलं नेटवर्क कमी पडत असेल. फोटोंचा आकार लहान केला. मग ब्राउझर बदलायला सांगितलं, जुना साठा पुसायला सांगितला. सर न कंटाळता सगळं करायचे आणि कळवायचे, पांढरंच. पुण्याच्या सहकाऱ्याला लिंक दिली, त्याच्याकडे सगळं नीट चालत होतं. खरं सांगायचं तर रोज ठरल्या वेळी येणाऱ्या त्या फोनची मला सवय लागली होती. पण दोष काही सापडेना. शेवटी एका रविवारी लॅपटॉप पाठीवर टाकला आणि प्रकाशा गावाजवळचा नदीवरचा पूल ओलांडून कोरीटला गेलो.

सर ओट्यावर वाट बघत बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आदल्या वर्षी गेल्याचं मला ठाऊक होतं. सरांनी फोन पुढे केला. "काहीच दखाई नही ऱ्हायनं, भाऊ," ते म्हणाले.

मी त्यांचा फोन वायरनं लॅपटॉपला जोडला आणि पानाच्या आत काय चाललंय ते बघू लागलो. थोड्या वेळात उलगडा झाला. त्या फोनच्या सेटिंगमध्ये पडद्यावरची सगळी हालचाल बंद केलेली होती. माझा कोड असा होता, की जुना फोटो विरून संपला की मगच नवा आणायचा. या फोनवर जुना फोटो न विरता एकदम नाहीसा व्हायचा. विरणं सुरूच होत नव्हतं, त्यामुळे ते संपतही नव्हतं. नवा फोटो आतल्या आत थांबून राहत होता.

मी सरांना हे समजावून सांगितलं. एक बटण चालू केलं की झालं, असं म्हणून मी फोनकडे हात नेला. सरांनी फोनवर तळहात ठेवला.

"हाऊ फोन तिन्हा शे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बाईंना शेवटची दोन वर्षं चक्कर यायची. पडद्यावर काही सरकलं तरी घर फिरल्यासारखं व्हायचं, म्हणून भाच्यानं हालचाल बंद करून दिली होती. बाई गेल्यावर सरांनी स्वतःचा फोन कपाटात ठेवून दिला आणि हाच वापरू लागले. अजून बाईंच्या मैत्रिणींचे निरोप यावर यायचे. "तसाच ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "बाकीनं तू दखी ले."

मी तिथेच बसून कोड बदलला. ज्या फोनवर हालचाल बंद असेल, तिथे कशाचीही वाट न बघता नवा फोटो सरळ दाखवायचा. हे मी पहिल्यापासूनच करायला हवं होतं. सरांच्या फोनवर फोटो एकामागून एक उघडले. त्यांना नको होते तसेच, एकदम. सर सगळे फोटो बघत राहिले.

त्यानंतर मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. होडी विरत गेली, तिच्यातून शाळेची भिंत आली, भिंतीतून टेकडी. एका फोटोत दारात धान्य पाखडणाऱ्या बाई होत्या, तरुण, कॅमेऱ्याकडे लक्ष नसलेल्या. तो विरू लागला तेव्हा सरांनी मला मागे न्यायला सांगितलं. मी नेला. असं आम्ही बऱ्याच वेळा केलं. दुपारी त्यांनी दादर ज्वारीच्या भाकरी आणि लाल मिरचीची चटणी वाढली. माझं काम कुणी शेजारी बसून बघण्याची ही मला आठवणारी पहिलीच वेळ होती.

वेबसाइट चालली. वसाहतींतून माणसं सरांना फोन करू लागली. कुणाला आपलं घर सापडलं होतं, कुणाला वारलेले वडील. हे मला सरांनीच कळवलं, आणि त्यानंतर त्यांचे फोन थांबले. त्यांचा आता सगळा वेळ जुन्या विद्यार्थ्यांशी बोलण्यात जात असणार. मला बरंच वाटलं. तरी फोन यायच्या वेळी हातातलं काम थांबायचंच.

पुढे कितीतरी दिवस मी अधूनमधून ती वेबसाइट उघडून बघायचो. कुठे काही अडलेलं सापडलं असतं, तर कोरीटला जायला निमित्त झालं असतं. सगळं नीट चालू होतं.