पीळबाई आणि थंडोबा

माझ्या आत्याला वसाहतीत सगळे पीळबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. तिचं कामही पिळाचं आणि स्वभावही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण बाबा तिच्याकडे बघूनच म्हणायचे. आई-वडील लवकर गेल्यावर तिनेच बाबांना वाढवलं होतं. त्यामुळे ते चेष्टा करायचे आणि लगेच दोन पावलं मागेही सरायचे.

आमच्या ग्रहावर हवा नाही. वसाहतीच्या भिंतीबाहेर काळं आभाळ आणि करडी धूळ. इथल्या खाणीतला धातू वर फिरणाऱ्या जहाजांकडे पाठवायचा, त्यासाठी डोंगराच्या उतारावर कॉइलची लांब रांग उभी केलेली होती. एका कॉइलमध्ये क्षणभर वीज सोडायची, की ती मालाचा गाडा पुढे खेचते आणि पुढचीच्या हवाली करते. असं करत शेवटच्या कॉइलमधून गाडा सुटतो तो थेट वर. या कॉइल आत्या गुंडाळायची. ॲल्युमिनियमची रुंद पट्टी साच्यावर चढवताना तिचे हात असे फिरायचे, जणू बाळाला दुपट्यात बांधतेय.

एवढी वीज धावली की कॉइल तापणारच. आणि हवाच नाही, तर तिथे फुंकर घालून काय उपयोग? म्हणून गुंडाळीमधून नळी न्यायची, नळीतून तेल फिरवायचं, ते तेल बाहेरच्या मोठ्या काळ्या पत्र्यांत जायचं आणि पत्रे ती उष्णता अंधाऱ्या आभाळाकडे सोडून द्यायचे. हे सगळं बघणारा मिस्त्री उंच, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. प्रश्न विचारला की आधी चष्मा पुसायचा, मग उत्तर द्यायचा. त्याला सगळे थंडोबा म्हणत.

या दोघांचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य.

त्यातच सातवी कॉइल तापायला लागली. दोन-तीन गाडे सोडले, की सगळी रांग थांबवून तिची वाट बघत बसावं लागे.

"बाई, तुमच्या गुंडाळीत माझी नळी गुदमरते," मिस्त्री म्हणाला.

"नळीचं राहू द्या. तुमचे पत्रे शेवटचे कधी पुसलेत?"

"या आठवड्यातच पुसलेत."

"स्वप्नात का?"

कामावरचे साहेब दोघांनाही कंटाळले. म्हणाले, "दोघंही बाहेर जा. कारण सापडल्याशिवाय परत येऊ नका."

दोघं पोशाख चढवून डोंगरावर गेली. पोशाखांच्या रेडिओवरचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू येतं, हे भांडणाच्या भरात दोघंही विसरली. इकडे माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसली होती.

आत्याने पत्र्यावरून हात फिरवला. हातमोजा करडा झाला.

"हे बघा तुमचं पुसणं!"

"पण मी खरंच पुसले होते हो," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला, की आत्या पत्रा पुन्हा नीट निरखायला लागली.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून खाणीचा डंपर गेला. आमच्याकडे धूळ तरंगत नाही. चाकाखालून उडते ती फेकलेल्या दगडासारखी, लांब कमान करून पडते. ती कमान नेमकी पत्र्यांवर येऊन पडली. जुना रस्ता खचल्यामुळे डंपर नव्या रस्त्याने जात होते, आणि तो पत्र्यांच्या फार जवळून काढला होता.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलत नव्हता," आत्या म्हणाली.

कंट्रोल रूममध्ये टाळ्या पडल्या म्हणतात.

रस्ता दूर नेला, पत्रे स्वच्छ झाले. सातवी पहिल्यापेक्षा बरी चालली, पण तापायची ती तापतच राहिली. साहेब म्हणाले, चालेल एवढ्यावर. आत्या म्हणाली, "नाही चालणार. मी उकलते."

सातवी वसाहतीच्या आत कारखान्यात आणवून, स्वतःच्या हाताने घट्ट बसवलेली गुंडाळी तिने थरामागून थर सोडवली. आत एका वळणावर नळी चेपून चपटी झाली होती. भोवती सगळे उभे होते. आत्याचा चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही.

"चूक माझी. ओढ जास्त झाली."

आता मिस्त्री काय म्हणतो, म्हणून सगळे कान टवकारून होते. त्याने चष्मा पुसला. "एवढ्या वळणाला नळी जाड घ्यायला हवी होती. ती मीच पातळ दिली."

त्यानंतर सातवी दोघांनी मिळून गुंडाळली. तो वळणावर नळी धरून बसायचा, ती पट्टी ओढायची. "सैल?" "जरा." "आता?" "आता छान." एवढंच बोलणं. पण घरी आली की आत्या गुणगुणायची, आणि आई माझ्याकडे बघून भुवया उडवायची.

काम संपलं त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "यापुढच्या सगळ्या कॉइल तुमच्याबरोबर कराव्यात असं वाटतं."

"हे कामाचं बोलताय की लग्नाचं?"

"दोन्हींचं. पण घाई नाही."

"पन्नाशी उलटली माझी! घाई नाही म्हणे. खरेच थंडोबा आहात."

आत्याने घरी सांगितलं तेव्हा बाबांना ठसका लागला. कितीतरी स्थळं तिने परत पाठवली होती, आणि ती कोणासाठी हे बाबा जाणून होते. सावरल्यावर कसंबसं म्हणाले, "ताई, तो तुला शोभेल का?"

"शोभायला मी काय दागिना आहे?" ती म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा लहान मुलासारखे रडले.

पुढे ग्रहाच्या पलीकडच्या बाजूला नवी रांग उभी राहायची होती, तेव्हा दोघं तिकडे राहायला गेली. मध्ये बाबा त्यांना भेटून आले. आईने खोली कशी आहे, तब्येती कशा आहेत, सगळं विचारून घेतलं. बाबा 'बरं आहे सगळं' एवढंच म्हणत हात धुवायला गेले. जेवायला बसल्यावर मात्र आपणहून म्हणाले, "ताई दुपारी झोपते अगं आता. मी गेलो तेव्हा गाढ झोपली होती, आणि तो दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोला म्हणत होता."

जन्मात कधी दुपारी आडवी न झालेल्या बहिणीचं हे सांगताना त्यांचा घास तसाच हातात राहिला होता.