अत्याचं उभं राहणं

पापनाशमच्या शाळेत माझा सातवीचा तास चालू होता, तेव्हा खिडकीतून फाटकाशी अप्पा दिसले. माझे वडील माझ्या शाळेत कधी येत नाहीत. अंगात कोट नव्हता, पायांत चपलाही नव्हत्या. मी खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. "राधा गेली गे," ते म्हणाले. "झोपेंतच. पहाटे उठली नाही, तेव्हां तुझी आई पाहायला गेली..." पुढे काही सांगायची गरज नव्हती. अत्या पहाटे उठली नाही यातच सगळं आलं.

आता काही आठवडे झाले. तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्यांकडून एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकलं. "एवढी वर्षं तें चिनी कायसं केलं, पणी साठीसुद्धां गाठली नाही बिचारीनं." आई डोळ्यांनी दटावायची म्हणून मी गप्प बसले. इथे दटावणारं कुणी नाही, तेव्हा बोलते. मरण टाळायला ती उभी राहत होती, असं या लोकांना कुणी सांगितलं? कुणाच्या सांगण्यावरून आपण आपल्या जागेवरून हटायचं नाही, एवढंच तिला करायचं होतं. ते तिनं शेवटपर्यंत केलं. आणि 'बिचारी' तर ती एका दिवसापुरतीही नव्हती.

राधाअत्या अप्पांची धाकटी बहीण. तिचे यजमान मलायात पिनांगला रबराच्या मळ्यावर हेडक्लार्क होते. ते तापानं गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा पन्नास सालानंतर कधीतरी ती बोटीनं नागपट्टणमला उतरली आणि अप्पा तिला तंजावूरला घेऊन आले. मी तेव्हा परकर नेसत होते. विधवा अत्या येणार म्हणून घरात सगळे दबकून बोलत होते, आणि दारात उभी राहिली ती डोक्यावर केस राखलेली, फिकट निळं लुगडं नेसलेली, उंच बाई. पाय तर एवढे मोठे की आजवर आमच्या घरात कुठल्याही बाईचे नव्हते. लहानपणी अप्पा तिला त्यावरून चिडवायचे म्हणे. त्या दिवशी मात्र गल्लीची दारं उघडलेली पाहून ते तिच्या केसांपायी उंबऱ्यातच घुटमळले. "अण्णा, मज आंत घेतोस, कीं बोट अजून बंदरांतच असेल, परत जाऊं?" तिनं विचारलं. अप्पांनी तिची ट्रंक उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या अंगणात विहिरीवर गेले तर अत्या नारळीखाली उभी. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल, दोन्ही हात पुढे गोल धरलेले. डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मी घाबरून आईला बोलावलं. गल्लीत दुपारपर्यंत बातमी पोचली की राधाबाईला समुद्रावरचं काहीतरी लागलंय.

लागलं वगैरे काही नव्हतं. यजमान गेल्यावर पिनांगला तिचा श्वासच पुरेनासा झाला होता. जेवण नको, झोप नको. शेजारच्या चिनी म्हातारीनं हाताला धरून तिला आपल्या परसात नेलं आणि उभं केलं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. "रडायचं तर रड, पणी उभी राहून रड, असं तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं मज," अत्या सांगायची. म्हातारी त्याला चिगाँग की काहीसं म्हणे. आमच्या घरात त्याचं नाव 'उभं राहणं' एवढंच पडलं.

मला लहानपणापासून दमा. मार्गळी महिन्याच्या थंडीत माझ्या छातीतून भाता चालवल्यासारखा आवाज येई. एकदा अशीच रात्रभर बसून काढल्यावर पहाटे अत्यानं मला उठवलं आणि नारळीखाली नेलं. "भाताची कणगी कवटाळ," ती म्हणाली. "जोरानं नक्को. कणगी मातीची आहे समज, फुटेल." मी हात गोल धरले. "आतां श्वास घे." श्वास म्हटल्यावर आमच्या घरातल्या पोराला जे सुचणार तेच मला सुचलं. अप्पांना रोज संध्येला पाहत होते, तसं मी चटकन नाक चिमटीत धरलं, छाती फुगवली आणि डोळे वटारून उभी राहिले. अत्या हसत हसत विहिरीच्या काठावर बसली. "सोड तें नाक. त्यानं तुझं काय बिघडवलंय? श्वासाला कुणी धरायचं नाही, मोजायचं नाही. येतो तसा येऊं दे, पोटापर्यंत जाऊं दे. तूं फक्त उभी राहा, खांदे खालीं सोड."

सांगायला सोपं होतं. थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागल्या, नाकावर माशी बसली, पोटात कॉफीची आठवण जागी झाली. काहीतरी दैवी होईल अशी वाट पाहून मी कंटाळले. "अत्या, काहीच होत नाहीय." "मग बरोबर चाललंय," ती म्हणाली. "दुखलं तर थांब. उद्यां परत ये. एवढंच शिकायचं आहे यांत." माझा दमा त्यानं गेला असं मी म्हणणार नाही, अजूनही पिशवीत औषध असतं. पण दम लागला की मी पूर्वी भिऊन अंग आवळून घ्यायचे, ते थांबलं. दमेकरी पोरीला शाळेत नोकरी कशी झेपणार, असं सगळे म्हणत असताना मी पापनाशमची नोकरी धरली ती याच्याच जोरावर.

बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली. आजवर अत्याकडे वेडी म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या गल्लीला एकाएकी देशभक्ती सुचली. समोरचे वकीलमामा दोघातिघांना घेऊन आमच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, येऊन बसले. शत्रूची विद्या आपल्या परसात चालते हे बरं दिसत नाही, असं त्यांनी अप्पांना सुनावलं. अत्या दारामागे ऐकत होती. ती सरळ पुढे आली. "ज्या म्हातारीनं मज उभं केलं, तिनं कुणावर बंदूक धरली नाही. माझं माणूस गेलं तेव्हां अस्की गल्ली, झाडून सगळी, इथंच होती ना? समुद्र ओलांडून कोण आलं होतं?" वकीलमामा मंडळी घेऊन उठले. ते गेल्यावर अप्पा चाचरत म्हणाले, "राधा, मागं करत होतीस तोंवर मी निभावून नेलं. आतां तेंही नक्को." "मागं करत होत्यें म्हणूनच चोरी वाटली अण्णा," ती म्हणाली. "उद्यांपासून पुढं करत्यें."

बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे ती थेट रस्त्याकडच्या दारासमोर येऊन उभी राहिली. सडा टाकलेल्या ओल्या जमिनीवर, कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, जागेवर. घराबाहेर पडताना विधवेचं तोंड दिसलं की माणसानं परत आत जायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, ही आमच्याकडची रीत. वकीलमामांना कुंभकोणमच्या कोर्टाची गाडी पकडायची असे. ते बाहेर आले, अत्याला पाहिलं, आत जाऊन पाणी प्याले. पुन्हा बाहेर आले, अत्या तिथेच. पुन्हा पाणी. गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी ते मागच्या बोळातून, गटार ओलांडून जाऊ लागले. एवढे मोठे वकील... पण अत्याला 'बाजूला हो' म्हणायची छाती कुणाची झाली नाही. अप्पा तेवढे दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि ती आत येईपर्यंत आपली तिण्णैवरची नेहमीची कॉफी स्वयंपाकघरात बसून घेत. पुढे बोलायला लागले, पण कॉफीची जागा बदलली नाही.

माझी आई या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. पहिल्या पहाटे तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन ती दारात आली. कोलम घालायचा तर मध्ये नणंद उभी. मी दाराआडून पाहत होते. आई वाकली आणि तिनं अत्याच्या पायांभोवतीनं रेघ ओढायला सुरुवात केली. अत्या आत गेल्यावर पाहिलं, तर सगळ्या वेलबुट्टीच्या मधोमध दोन मोठ्या पावलांची कोरी जागा उरली होती. त्यानंतर आमच्या दारातला कोलम नेहमी तसाच.

सुतकात दारी कोलम घालत नाहीत. तेरावं झाल्यावर पुढच्या पहाटे आईनं सडा टाकला आणि पिठाचा डबा उघडला. मी आणि अप्पा दारात होतो. तिच्या हातानं आपोआप मधली जागा सोडली, दोन्ही पावलांची. अप्पांनी ते पाहिलं. "आतां भरून टाक ती," ते हळूच म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते. आई पिठाची चिमूट धरून तशीच थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पदर खोचला आणि रेघा न मोडता आत पाय टाकला. गुडघे सैल केले, खांदे सोडले, हात गोल धरले. समोर वकीलमामांचं दार उघडलं आणि अर्धंच राहिलं. अप्पा आत गेले. मला वाटलं, गेले स्वयंपाकघरात. ते कॉफीचा पेला घेऊन परत आले आणि तिण्णैवर, माझ्या पाठीशी, बसले.

खाली पाहिलं तर माझ्या पावलांच्या चारी बाजूंनी कोरी जमीन उरलेली. मला ती जागा मोठी होते. असू दे. उन्हं दारात येईपर्यंत मी तिथून हलले नाही.