कार्डावरचं कुंकू

सांगलीत माझं भेटकार्डांचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात संगणक घेतला आणि फोटोत हवं ते बदलता येतं, याचं मला भारी कौतुक वाटू लागलं.

एका दिवाळीआधी कवठे महांकाळच्या एक बाई आल्या. सैन्यातल्या मुलाला घरच्यांच्या फोटोचं कार्ड पाठवायचं होतं. महिन्यापूर्वी त्यांचे यजमान वारले होते. सीमेवर एकट्यानं रडेल म्हणून मुलाला कळवलं नव्हतं.

"माजा फोटू नगं. कपाळ बघून त्याला कळंल. नातवंडांचाच घाला," त्या म्हणाल्या.

"अहो, कुंकू मी लावतो की संगणकावर! ओळखूसुद्धा येणार नाही."

त्या नको नको म्हणत होत्या. मी करून दाखवलं, तेव्हा पडद्याकडं बघत त्यांनी मुलाचा पत्ता सांगितला. कार्ड गेलं.

पुढं मुलगा रजेवर आला, तो वडिलांसाठी स्वेटर घेऊन. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन तो माझ्या दुकानात उभा राहिला. "काका, हे कुणी करायला सांगितलं?"

"तुमच्या आईंनी," मी म्हणालो.

त्यानंतर तो आईशी नीट बोलला नाही, असं ऐकलं. आता त्या नाहीत. तो कुठं असतो, ठाऊक नाही. त्याच्यासाठी लिहितो: आई नकोच म्हणत होती, ते कुंकू माझ्या हौसेचं होतं.