मामेसासऱ्यांच्या गाडीचं पासिंग

मामेसासऱ्यांची क्रीम रंगाची गाडी पासिंगला न्यायची होती, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला मरून रंग मारून आणला. गाडीचा रंगसुद्धा सरकारी पुस्तकात लिहिलेला असतो आणि तपासणारा माणूस तो वाचतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टी ठामपणे करायची मला लहानपणापासूनच सवय. लग्नानंतर ती फार वाढली, आणि ती वाढवली मामांनी.

कारण जावयाला मान देण्यात आमच्या या मामांसारखा माणूस बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत शोधून सापडायचा नाही. मी काही त्यांचा सख्खा जावई नव्हे, भाचीचा नवरा. माझ्या खुद्द सासऱ्यांनी तर मला पहिल्या दिवाळसणातच ओळखलं आणि त्यानंतर मान वगैरे बेतानंच ठेवला. मामांचं तसं नाही. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात मी पाऊल टाकलं की ते उठून उभे राहतात. जेवत असले तरी उठतात, अर्धी दाढी झालेली असली तरी उठतात. एकदा तापानं फणफणले होते, तरी भिंतीला धरून उठले आणि मी खुर्चीत टेकल्यावरच परत आडवे झाले. घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली, त्यामुळं मी काहीही बोललो की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हौद्री, जावईबापू." म्हणजे, होय हो. मे महिन्यातल्या भर दुपारी मी म्हणालो, यंदा ऊन जरा कमीच वाटतंय नाही? मामा टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "हौद्री, गारच हाय की." आणखी एकदा मी सहज बोलून गेलो की शेंगाचटणी किंचित गोडसर असती तर मजा आली असती. सोलापुरात असं बोलणारा माणूस खरं तर स्टेशनपर्यंत धड पोचू नये. पण मामांनी त्या दिवसापासून चटणीत गूळ घालायला लावला. ते अख्खं घर गुळाची शेंगाचटणी गिळत होतं आणि मला पत्ताच नव्हता. शेवटी मामींनी एकदा वाटी माझ्यापुढं आदळली आणि म्हणाल्या, "खावा पोटभर, तुमचीच कृपा हाय."

गाडीच्या बाबतीतही मामांचे कायदे स्वतःचे होते. एकटे असताना ते तिसऱ्या गिअरच्या पुढं जात नसत. चौथा गिअर त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता, आपण चांगल्या कपबश्या ठेवतो तसा. मी शेजारी बसलो की चौथा पडलाच पाहिजे, मग समोर म्हशी असोत नाहीतर वरात. हॉर्न ते कधीच वाजवायचे नाहीत. माणसावर ओरडल्यासारखं वाटतं म्हणे. त्याऐवजी काच खाली करायची, डोकं बाहेर काढायचं आणि म्हणायचं, "मालक, जरा बाजूला होता का?" मालक वळून बघायचा, मामांना ओळखायचा, मग दोन्ही घरच्यांची ख्यालीखुशाली व्हायची, आणि तोवर मागं लागलेली रांग आमच्या वतीनं हॉर्न वाजवत असायची. वायपर ते काढून कपाटात ठेवत. सोलापूरच्या उन्हात रबर कशाला जाळायचं? आभाळ भरून आलं की आधी घरी यायचं, कपाट उघडायचं, वायपर बसवायचे आणि मग बाहेर पडायचं. तोवर पाऊस दुसऱ्या तालुक्यात गेलेला असायचा. रस्ता विचारायचा झाला तर ते एकाला कधीच विचारत नसत. तिघांना विचारायचं आणि बहुमतानं जायचं.

ही गाडी त्यांना एवढी कशाला लागायची, ते सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. मुलगा पुण्याला नोकरीत रमला, मामांचे गुडघे रुसले, तेव्हा माग, शेड सगळं विकलं. पण रोज सकाळी न्याहारी झाली की मामा गाडी काढून तिथं जायचे. शेडसमोरच्या लिंबाखाली गाडी लावायची, काच खाली करायची आणि बसून मागांचा आवाज ऐकायचा. आत जायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. नवा मालक बाहेर आलाच तर त्याला सांगायचे, "कोपऱ्यातल्या मागाचा पट्टा सैल झालाय, बघून घ्या." त्यानं आधी दुर्लक्ष केलं, नंतर पट्टा बघितला, आणि मग तो स्वतःच चहा घेऊन बाहेर यायला लागला. एकदा मीही बरोबर होतो. मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आज मागातला धोटा कसा सुरात पळतोय, ऐकलात न्हवं?" मला नुसता खडखडाट ऐकू येत होता. पण मान द्यायची पाळी या वेळी माझी होती. म्हटलं, "हौद्री."

पुण्याच्या मुलाला मात्र या सगळ्याची धास्ती. म्हाताऱ्यानं एकट्यानं हायवेच्या तोंडाशी रोज गाडी न्यायची, हे त्याला पटत नव्हतं. त्यात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीलाही परत तपासणीला उभं राहावं लागतं, पास झाली तरच पुढं चालवायची. मुलानं तेवढंच धरलं. "बाबा, पास झाली तर खुशाल चालवा. पण एकदा जरी नापास झाली तरी मोडीत काढायची. मग वाद नाही." मामांनी शब्द दिला. त्यांना गाडीची खात्री होती.

इथं मी म्हणालो, "मामा, काळजी सोडा. मी आहे ना."

संध्याकाळी मी मोबाइल काढून त्यांच्यासमोर नियमांचं कीर्तनच लावलं. ब्रेक असा लागला पाहिजे, दिव्याचा झोत इतकाच वर गेला पाहिजे, टायरची नक्षी दिसली पाहिजे, धुराचा दाखला हवा, विमा चालू हवा, वायपर कपाटात नव्हे तर काचेवर हवेत. प्रत्येक नियमाला मामा "हौद्री" म्हणत राहिले. कारखाना होता तेव्हा मालाचा टेम्पो दरसाल हेच मामा पासिंगला घेऊन जायचे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. कीर्तनाच्या शेवटी मी माझा स्वतःचा एक नियम जोडला. तपासणारा शेवटी माणूसच, त्याची नजर आधी अंगकांतीवर जाणार! दोन दिवसांनी मामा एका लग्नाला बार्शीला गेले. सर्व्हिसिंगला नेतो म्हणून मी मामींकडून किल्ली घेतली आणि ओळखीच्या गॅरेजमधून गाडी मरून करून आणली. मरून का, तर त्यावर धूळ दिसत नाही म्हणून.

मामा परत आले. गाडीला एक फेरी घातली. बॉनेटवर हात फिरवला.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

"लई..." मामा थांबले. "लई लाल हाय की."

"आवडला नाही?"

"हौद्री, छान हाय. लई छान हाय." आणि आत जाऊन मामींना म्हणाले, "जावयांना चहा टाक."

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. तपासणीची जागा आता शहराबाहेर हलवलीय एवढंच मला ठाऊक होतं. पण ती कुठं, हे मामांना विचारणं मला कमीपणाचं वाटलं, आणि मी न विचारता सांगणं त्यांना माझा अवमान. मोबाइलवरच्या नकाशानं आम्हाला एका मंगल कार्यालयात नेलं. मग मामांनी रीतीप्रमाणं तिघांना विचारलं. एक म्हणाला होटगी रोड, दुसरा म्हणाला पुणे रोड, तिसरा म्हणाला, "आता सगळं ऑनलाइन झालंय काका, गाडी न्यायचीच नस्ती." बहुमत काही होईना. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी म्हणाल तिकडं."

मी ठामपणे बोट दाखवलं. गाडी चौथ्यात पडली. एका मोठ्या फाटकापाशी ट्रकची रांग होती. मी म्हणालो, हेच ते. रांगेत उभे राहिलो, आमचा नंबर आला, एका माणसानं हातानं खूण केली तसे मामा गाडी लोखंडी पत्र्यावर घेऊन गेले. खिडकीतून एक चिठ्ठी बाहेर आली. तो वजनकाटा होता. आम्हा दोघांसकट गाडीचं वजन किती भरतं, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मामांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली. "बरं झालं की," ते म्हणाले, "वजन बी कळलं." मग हळूच पुढं म्हणाले, "जावईबापू, सहज म्हणून त्या डाव्या रस्त्यानं एकदा बघू या का?" त्या डाव्या रस्त्यानं आम्ही सरळ तपासणीच्या दारात पोचलो. मी म्हणालो, "बघा, मी म्हटलंच होतं, इकडंच कुठंतरी असणार." मामा म्हणाले, "हौद्री."

तिथं पुढच्या रिक्षातले एक चाचा उतरून आमच्या गाडीभोवती फिरले. "कलर नवा मारे ना? बुक पे चढाए क्या?"

"रंगाचं काय चढवायचंय?" मी हसून म्हणालो.

चाचा पुढं काही बोलणार, तेवढ्यात मामांनी त्यांना डोळ्यानंच गप्प केलं. मला वाटलं, जुनी ओळख असेल.

तपासणारे साहेब तरुण होते, बोलायला मऊ. ब्रेक बघितले, उत्तम. दिवे बघितले, उत्तम. वायपर जागेवर. हॉर्न दाबला तर सगळं आवार दचकलं. "काका, हॉर्न नवा बसवला का?"

"न्हाय साहेब. वापरलाच न्हाय."

साहेब हसले. मीही हसलो, गाडी पास झाल्यासारखा. मग साहेबांनी पुस्तक उघडलं, गाडीकडं बघितलं, परत पुस्तकात बघितलं. "काका, इथं रंग क्रीम लिहिलाय. बदलायच्या आधी परवानगी घेऊन नोंद करायची असते. अशी कशी पास करू?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी मामा पुढं झाले. हात जोडले आणि म्हणाले, "मीच मारला साहेब. म्हातारपणी हौस आली."

साहेबांनाही वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, नोंद करून घ्या, नाहीतर जुना रंग देऊन परत आणा, पुन्हा तपासू. मी लगेच म्हणालो, मामा, आजच गॅरेजला टाकतो. मामांनी मान हलवली. "पोराला शब्द दिलाय. एकदा म्हटलं म्हंजे एकदाच." परत येताना मी शेजारी बसलेला होतो, तरी चौथा गिअर पडला नाही. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी.

घरी मामींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "बार्शीहून आल्या आल्याच हे म्हणाले, ही गाडी आता पास होत न्हाय. मी म्हटलं, मग सांगा की जावयाला. तर म्हणे, त्यांनी हौसेनं केलंय, तोंडावर कसं सांगायचं? आणि ती जागा तर तपासणीच्या आदल्या दिवशीच बस धरून जाऊन बघून आले होते."

"मग मला वजनकाट्यावर कशाला जाऊ दिलं?"

"तुमी बोट दाखवलं न्हवं?" मामी म्हणाल्या.

रात्रभर तळमळून मी सकाळी पुण्याला फोन लावला. सगळं कबूल केलं. रंग माझा, चूक माझी, गाडी धडधाकट आहे, मामांना तुला दिलेल्या शब्दातून मोकळं कर. मग तो म्हणाला, "दाजी, खरं सांगू? त्यांना आता कमी दिसतं, त्याची मला लई भीती होती. तोंडानं गाडी काढा म्हणायचं धाडस होत नव्हतं. तुमचे लई उपकार झाले." इतके वाईट आभार मला आजवर कुणी मानले नाहीत.

गाडी गेली. मामांनी सीटवर घातलेल्या चादरी धुऊन घडी करून ठेवल्या. मोडीत काढायला आलेल्या माणसाला वायपर दिले नाहीत, ते कपाटातच राहिले. आणि मी त्या घरात पाऊल टाकलं की मामा पूर्वीसारखेच उठून उभे राहत. तेच मला सोसेना. चारचौघांसारखे रागावले असते, चार शब्द ऐकवले असते, तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. पण जावयाला रागवायचं नसतं. न्याहारीनंतर ते नुसते ओट्यावर बसून राहत. मी विचारलं, कसं चाललंय, की म्हणत, "झकास, जावईबापू."

शेवटी परवा सकाळी मी त्यांना जवळजवळ उचलूनच माझ्या स्कूटरवर मागं बसवलं आणि एमआयडीसीत नेलं. त्या लिंबाखाली स्कूटर उभी केली. आत माग चालू होते, खाली स्कूटर धडधडत होती. मामांनी एका हातानं माझा खांदा धरला होता आणि मान शेडकडं कलती केली होती. मला वाटलं, आता बोलून टाकावं. मी म्हणालो, मामा, चुकलंच माझं. मग म्हणालो, रोज मी आणत जाईन. मग म्हणालो, नाहीतर एखादी रिक्षा महिन्याच्या बोलीवर लावू. मग म्हणालो, हा आवाज मोबाइलमध्येच भरून घेतो, घरी बसून ऐका. मामांनी मध्येच हात वर केला, खाली घेतला. नवा मालक चहा घेऊन दारात आला आणि तिथंच थांबला. मी मोबाइल काढला, तो कसा धरायचा हे मामांना समजावून सांगायला लागलो, तेव्हा खांद्यावरची पकड घट्ट झाली.

"आधी ती गाडी बंद करा, जावईबापू," मामा म्हणाले. "आणि मग तोंड."