रद्द व्हिसाचा शिक्का

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच दप्तरखान्यात गेले असतील, पण त्यातला एक शिक्का मला आजही आठवतो. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या पानावर आडवा मारलेला, व्हिसा रद्द झाल्याचा शिक्का. त्याने एक गुन्हा उघडकीस आणला, आणि माझी एक चूकही.

२००८ च्या मंदीनंतरचा काळ. मी पुण्यात आर्थिक गुन्ह्यांच्या तपासावर होतो. दुबईतली बांधकामे ठप्प झाली होती आणि माणसे सामान गुंडाळून परत येत होती. त्यांतलाच एक चाळिशीचा माणूस तक्रार घेऊन आला. अमिरातीतल्या फुजैरा बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत तो नऊ वर्षे पर्यवेक्षक होता. त्याच्या इथल्या मुदत ठेवींच्या व्याजावर बँकेने कर कापला होता. परदेशी राहणाऱ्या माणसाच्या व्याजावर बँक सरसकट मोठा कर कापते; पण त्याचे भारतातले उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. "तिकडे टॅक्स नाही, मग इथे रिफंड कसला?" असेच ते धरून चालतात. यालाही परत आल्यावर एका शेजाऱ्याने पटवले की तू नियमात बसतोस. तो आयकर कार्यालयात गेला, तर कारकुनाने सांगितले, "तुमचा परतावा केव्हाच दिलाय."

परताव्याचा चेक एका छोट्या सहकारी बँकेत वटला होता. खाते याच्या नावाचे, पासपोर्टची प्रत याची, फोटो याचा. सह्या तज्ज्ञाकडे पाठवल्या, तर त्याही याच्याच निघाल्या. मी त्याला समोर बसवले.

"कोऱ्या फॉर्मवर सह्या करून कुणाला दिल्या होत्या का?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "नाही साहेब."

"पासपोर्टची प्रत?"

"तिकडे सगळीकडेच द्यावी लागते."

खोटे बोलणारा माणूस मला बहुतेक वेळा कळतो, आणि हा खोटे बोलत होता. चोराच्या उलट्या बोंबा, असे मी मनाशी ठरवून टाकले. एकदा पैसे घेतलेत आणि आता दुसऱ्यांदा मागतो आहे. नंतरचे काही दिवस मी त्याला रोज बोलावून एकच विचारले, काय लपवतोयस?

त्याच सुमारास त्याला फुजैऱ्यातल्या दुसऱ्या कंपनीचे बोलावणे आले होते. महिनाअखेरपर्यंत ते जागा राखून ठेवणार होते. मात्र त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, आणि नवा पासपोर्ट पोलीस पडताळणीवर अडला होता. तो कागद अभिप्रायासाठी माझ्या टेबलावर आला. मी 'अर्जदार तपासाधीन' असे लिहिले आणि सही केली. नियमात बसणारे होते, पण लिहिताना मला थोडे समाधानही वाटले, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. बाहेरच्या बाकावर दोन तास बसली आणि आत आल्यावर एवढेच म्हणाली, "साहेब, महिना संपला की ती जागा गेली. ह्यांचं काय चुकलंय ते तरी सांगा." मी तिला वाट पाहायला सांगितले. पोलिसांकडे द्यायला हे उत्तर नेहमीच असते.

मग त्या बँकेतल्या एकाचा फोन आला. त्याने नाव सांगितले नाही. "साहेब, अशी अकरा खाती आहेत. सगळे आखातातले. खातं उघडायला एकही जण आला नाही. फॉर्म एकच माणूस आणतो." तो माणूस एक कर सल्लागार निघाला. त्याला आणले, तर तो पक्का तयार होता. अशिलांच्या सह्या दाखवल्या, पैसे रोख दिल्याच्या पावत्या दाखवल्या. पावत्यांवरही सह्या खऱ्याच. त्याला सोडावे लागले.

मी अकराही पासपोर्टच्या प्रती टेबलावर मांडल्या आणि तेव्हा तो शिक्का दिसला. प्रत्येक प्रतीत व्हिसाच्या पानावर रद्द झाल्याची खूण होती. म्हणजे या प्रती नोकरी गेल्यानंतर आणि विमानात बसण्याआधी काढलेल्या. ते दिवस फार थोडे असतात. त्या दिवसांत या लोकांकडून प्रती कुणी घेतल्या?

हे विचारायला माझ्याकडे एक घर होते. माझा मेहुणा दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचा आणि तिथल्या मराठी मंडळाचे सगळे बघायचा. बायकोला घेऊन त्याच्याकडे जायची आठ दिवसांची रजा आधीच मंजूर होती. वरिष्ठ म्हणाले, "तिथं तुझ्या वर्दीला कुणी विचारत नाही. चहा पी आणि परत ये."

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. खाली पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्या मोजत मी सहज विषय काढला. व्हिसा रद्द झाल्यावर माणसाला कुठे कुठे कागद द्यावे लागतात?

"दाजी, सिंपल आहे," मेहुणा म्हणाला. "व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात निघायचं. सामान पाठवायला कार्गोवाला कॉपी मागतो. बस, खलास."

"आणखी कुणी मागत नाही?"

"मी मागायचो," तो हसत म्हणाला, आणि हात धुऊन आतून एक निळी फाइल घेऊन आला.

माझ्या अकरापैकी अकरा नावे त्या फाइलमध्ये होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे झाले.

तो उत्साहाने सांगत होता. "पुण्यात माझा कॉलेजचा मित्र आहे, टॅक्स कन्सल्टंट. तो म्हणाला, ह्या लोकांचे रिफंड पडून आहेत. लोक टेन्शनमध्ये होते, त्यांना फॉर्म भरायला कुठे टाइम? मी नुसत्या सह्या घ्यायचो आणि सगळं कुरिअर करायचो. पंचेचाळीस दिरहॅम एका पाकिटाला, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये. ते पण मीच भरले. पण मग त्याचं मेल आलं, दे आर नॉट एलिजिबल. मी सगळ्यांना फोन करून सॉरी म्हटलं."

"फुजैऱ्याचा एक होता यात," मी म्हणालो.

"तो? कंपनीने रूम काढून घेतल्यावर तो दोन आठवडे आमच्याकडेच होता. या हॉलमध्ये झोपायचा. सोन्यासारखा माणूस. का हो?"

तो माणूस टेबलाच्या कडेकडे का बघत होता, ते तेव्हा मला कळले. ज्याच्या घरी तो दोन आठवडे जेवला, त्याचे नाव त्याला पोलिसांत द्यायचे नव्हते.

मी मेहुण्याला सगळे सांगितले. त्याचा चेहरा पांढरा पडला. सोफ्यावरून त्याच्या मुलीने विचारले, "बाबा, इज फुजैरा अंकल इन ट्रबल?" त्याने फाइल मिटली.

"दाजी, मी एक दिरहॅम घेतला नाही."

"मला माहीत आहे. पण मला सांगून उपयोग नाही. पुण्याला येऊन जबाब द्यावा लागेल."

"आमच्या ऑफिसात दर आठवड्याला कामावरून काढायच्या लोकांची लिस्ट लागतेय. आत्ता सुट्टी मागितली तर पुढच्या लिस्टमध्ये माझंच नाव."

माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण, माझ्याकडे बघत होती. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. रविवारी तिथे कामाचा दिवस; ऑफिसातून मेहुण्याचा फोन आला. "तिकीट नऊशे दिरहॅम, साडेअकरा हजार झाले की हो," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "यल्ला, चला. करतो बुक."

मी वरिष्ठांना फोनवरून नाते कळवले आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. कायद्याने तेच योग्य होते. मेहुण्याने कुरिअरच्या पावत्या आणि त्या मित्राचे मेल जबाबासोबत दिले. कुणीच पात्र नाही, असे ते मेल ज्या दिवशी आले, त्याच्या आधीच अकराही चेक वटले होते. तारखांपुढे सल्लागाराचे तोंड बंद झाले. त्याच्या कपाटात सही केलेले आणखी कोरे फॉर्म आणि कोऱ्या पावत्या सापडल्या.

जबाबाच्या दिवशी दोघांची गाठ आमच्या व्हरांड्यात पडली. फुजैऱ्याचा माणूस घाईने उठला. "दादा, तुमचं नाव मी घेतलं नव्हतं."

"घ्यायला हवं होतंस रे," मेहुणा म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसला.

मेहुण्याची नोकरी वाचली. अकराही जणांना पुढे त्यांचे पैसे मिळाले, कारण सगळेच नियमात बसत होते. फक्त तसे त्यांना कुणी सांगितले नव्हते. माणसाला एखादी गोष्ट आपल्या हक्काची वाटतच नसेल, तर ती चोरणाऱ्याला कुलूपही तोडावे लागत नाही.

माझा अभिप्राय नव्या अधिकाऱ्याने मागे घेतला. पासपोर्ट आला तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तोवर कंपनीने शेजारच्या खोर फक्कान बंदरातून दुसरा माणूस घेतला होता. आमचा तक्रारदार पुन्हा फुजैऱ्याला गेला नाही. इथेच एका गोदामात निम्म्याहून कमी पगारावर लागला.

आमच्या खात्यात माफी मागायची पद्धत नाही. मी त्याच्या घरी जाऊन मागितली. त्याच्या बायकोने चहा केला, पण ती बाहेर आली नाही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज विचारायचात, काय लपवतोयस. एकदा विचारलं असतंत, कुणासाठी लपवतोयस, तर बहुतेक सांगितलं असतं."

त्यानंतर माझ्या नोकरीची सहा वर्षे उरली होती. समोर गप्प बसलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी तेवढेच विचारले.